वाढत्या अंगाचं

टोपडेकाकूंचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. गल्लीत त्या टोपडेकाकूच. तान्ह्या बाळांची टोपडी, झबली, लाळेरी, पायमोजे असं सगळं त्या स्वतः बेतायच्या, स्वतः शिवायच्या आणि घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीमागे मांडून स्वतःच विकायच्या. त्याच खोलीच्या उरलेल्या अर्ध्या भागात त्यांचे यजमान चष्मे विकायचे. मधे एक पडदा होता. पडद्याच्या अलीकडे माणसाची सुरुवात होते आणि पलीकडे तो अक्षरं दिसेनाशी झाल्यावर येतो, असं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि प्रत्येक वेळी काकू मशीन जोरात चालवून ते वाक्य बुडवून टाकायच्या.

काकूंच्या हातात सफाई होती. झबल्याची शिवण आतून बाळाला टोचू नये म्हणून त्या ती बाहेर काढायच्या आणि वरून पट्टी बसवायच्या. बटणं त्यांनी कधी लावलीच नाहीत, कारण बाळ ती तोंडात घालणार; कापडाचेच बंद, तेही दोनदा उलटवून शिवलेले. अडायचं ते एकाच ठिकाणी. बाळं माप द्यायला उभी राहत नाहीत. आया माप सांगायच्या ते हात हवेत धरून, "एवढंसं आहे हो," असं. एकदा दोन टोपडी परत आली. एक बाळाच्या हनुवटीपर्यंत उतरत होतं आणि दुसरं डोक्यावर नुसतं ठेवल्यासारखं दिसत होतं. दोन्ही टोपडी जुळ्यांसाठी शिवलेली होती आणि एकाच कापडातून एकाच मापाची बेतलेली होती. काकूंना दोन दिवस जेवण गेलं नाही.

तेव्हा त्यांनी मापासाठी एक बाळ शिवायला घेतलं. पांढऱ्या फ्लॅनेलचं, आत कापूस आणि बेतकामातून उरलेल्या चिंध्या. काकू कुठलंही काम अर्धवट करणाऱ्यातल्या नव्हत्या. खऱ्या बाळाचे पाय सरळ होत नाहीत म्हणून त्यांनी गुडघ्यात चुणी घालून ते दुमडते ठेवले. खऱ्या बाळाची मान धरावी लागते म्हणून मानेत कापूस कमी भरला. मुठी आवळलेल्या केल्या. चेहरा करायचा नव्हता, पण बिनचेहऱ्याच्या त्या गोळ्याला टोपडं घातलेलं बघून एक गिऱ्हाईक दारातूनच माघारी गेलं, म्हणून मग दोन मिटलेले डोळे, नाकाचा एक टाका आणि ओठांचे दोन टाके घातले. मग त्याला नवं झबलं चढवून खिडकीत टोपलीत ठेवलं आणि काकू आत चहा टाकायला गेल्या.

बाहेर आल्या तर समोरची बेकरीवाली त्याला मांडीवर घेऊन बसली होती. मान नीट धरली होती.

"झोपलंय," ती कुजबुजली.

"कापडाचं आहे हो ते," काकू म्हणाल्या.

"अगदी," बेकरीवाली म्हणाली आणि तिनं त्याचं झबलं खाली ओढून पोट झाकलं.

"खरंच सांगते. आत नुसत्या चिंध्या आहेत. चिंध्यांचं आहे ते."

"चिंधू," बेकरीवाली म्हणाली. "छान आहे. हल्ली इतकं साधं नाव कुणी ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवाला गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करून स्कूटर ढकलत खिडकीवरून गेला. प्लंबर नळाचे पाइप खाली टाकताना आधी पोतं अंथरायला लागला. ज्याला त्याला काकू खरं तेच सांगत होत्या. कापडाचं आहे, मी शिवलंय, उसवून दाखवू का. लोक मान डोलवायचे, हळू आवाजात "हो ना" म्हणायचे आणि जाताना चिंधूच्या अंगावर असेल तसंच झबलं मागायचे. धंद्याला एकदम बरकत आली. काकूंचं समाधान मात्र होईना.

"माझं कुणी ऐकतच नाही," त्या रात्रीच्या जेवणाला काकांना म्हणाल्या. "खिडकीत पाटी लावते. बाळ कापडाचं आहे, अशी."

"लाव की," काका म्हणाले. मग घास हातातच राहिला. "थांब. बेकरीवालीला चष्मा कुणी दिलाय?"

"तुम्ही."

"स्कूटरवाल्याला?"

"तुम्ही."

"प्लंबरला जवळचा आणि लांबचा, दोन्ही मीच दिलेत." काकांनी घास परत ताटात ठेवला. "उद्या पाटी वाचून या सगळ्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला चिंध्यांचा गठ्ठा आणि तान्हं मूल यातला फरक दिसत नाही, तर ते आधी कुणाकडे येतील?"

असा विचार काकूंनी केला नव्हता. पाटी लावायची राहिली.

काही दिवसांनी गल्लीत नर्सबाई आल्या. त्या दर महिन्याला येऊन तान्ह्या मुलांची वजनं करायच्या. खांद्याला झोळीचा काटा, आवाज खणखणीत, आणि कुणाचं लहानसहान ऐकून घ्यायची सवय नाही. बेकरीवालीनं त्यांना हात धरून काकूंच्या दुकानात आणलं. काकू काही बोलायच्या आत चिंधू झोळीत गेला होता.

"मागच्या महिन्यात किती होतं?" नर्सबाईंनी विचारलं.

"तेवढंच असणार," काकू म्हणाल्या. "कापूस आहे बाई तो. कसा वाढेल?"

"कापूस आहे ते दिसतंय मला," नर्सबाई म्हणाल्या. "म्हणून वाढ नको का? घरात कापसाची पोती पडलीत, आणि पोराची ही दशा." त्यांनी चिंधूचा दंड दोन बोटांत धरून काकूंना दाखवला. दंड खरोखरच चिपाड होता. कापूस भरताना तिथं काकूंनी हात जरा आखडता घेतला होता. "पुढच्या महिन्यात फरक दिसला पाहिजे."

काकूंना वाटलं, बाई टोमणा मारतायत. पण बेकरीवालीनं त्या दिवसापासून काकूंशी बोलणंच टाकलं. प्लंबरची बायको लाळेरं घ्यायला आली तेव्हा चिंधूकडे बघून तिनं असा सुस्कारा सोडला, की काकूंनी तिला लाळेऱ्याबरोबर पायमोजे तसेच देऊन टाकले. त्यातच गिऱ्हाइकं सहा महिन्यांच्या बाळांचे कपडे मागायला लागली होती, आणि काकूंकडे त्या मापाचं काहीच नव्हतं. नवं मोठं बाळ शिवणं सोपं होतं. पण मग जुन्याचं काय करायचं? खिडकीत दोन ठेवली तर गल्ली विचारणार, दुसरं कुणाचं? आणि एक काढून टाकलं तर काय विचारतील, याचा विचारसुद्धा काकूंना करवेना.

तेव्हा एका दुपारी त्यांनी दुकान बंद केलं, खिडकीला पडदा ओढला आणि चिंधूला बेतायच्या टेबलावर घेतलं. काखेत जादा कापडाची कळी घालायची, पायात पट्टी जोडायची, पोटाला एक पाकळी वाढवायची. काका दिवा धरून उभे होते. काकूंनी पाठीच्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं, तशी काकांनी चिंधूची मूठ धरली आणि मान दुसरीकडे वळवली.

"हळू," ते म्हणाले.

"अहो, कापड आहे."

"माहीत आहे मला. तरी हळू."

काकूंनी टाका टाका करून उसवलं. आतल्या जुन्या चिंध्या बाहेर काढून फेकाव्यात असं आधी ठरलं होतं. त्या गुठळ्या झाल्या होत्या. पण हातात आल्यावर त्यांनी त्या बोटांनी विंचरून मोकळ्या केल्या, पुन्हा आत घातल्या आणि वरून नवा कापूस भरला. मानेत या खेपेस भरपूर भरला, सहा महिन्यांचं मूल मान धरतं म्हणून. संध्याकाळी पडदा सरकला तेव्हा चिंधू टोपलीत टेकून बसला होता. बेकरीवाली रस्ता ओलांडून आली, त्याला उचललं आणि काकूंकडे बघून इतक्या दिवसांनी हसली.

"अंगानं भरला," ती म्हणाली.

"पाव किलो कापूस घातलाय," काकू म्हणाल्या.

"घालायलाच पाहिजे. वाढतं अंग आहे."

त्यानंतर मग थांबता येईना. गल्लीला सवय लागली आणि काकूंच्या हातालाही. नर्सबाई यायच्या त्याआधी चिंधूला थोडं थोडं वाढवून ठेवायचं, पायात जोर यावा म्हणून घट्ट भरायचं. डोळे किती दिवस मिटलेले ठेवणार, म्हणून एकदा काकूंनी ते उसवून उघडे केले. त्या दिवशी काका पडद्याच्या पलीकडून दोनदा येऊन बघून गेले आणि गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरची काच बसवून दिली.

काकूंना एकच मुलगा. तो मालवाहू जहाजावर होता आणि महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचा. एका सकाळी त्याचा अवेळी फोन आला.

"आई," तो म्हणाला, "मला मूल झालंय का?"

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोण म्हणालं?"

"बेकरीवाल्या मावशींचा फोन आला होता. बाप म्हणून तुझी काही जबाबदारी आहे की नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, माझं लग्न झालेलं नाही. तर म्हणाल्या, ते आम्ही काही विचारलेलं नाही. मी आठवून आठवून दमलो, आई."

"नाही रे बाबा. चिंध्यांचा आहे तो. मी मापासाठी शिवलाय."

पलीकडे समुद्राच्या आवाजात एक लांब श्वास ऐकू आला. तो सुटलो म्हणून सोडलाय, की वाईट वाटून, हे काकूंना कळेना.

"सगळे म्हणतात माझ्यावर गेलाय," शेवटी मुलगा म्हणाला.

काकूंनी खिडकीतल्या चिंधूकडे पाहिलं. "नाक तुझ्यासारखं आलंय खरं. मी मुद्दाम नाही केलं. तो टाका जरा जास्त ओढला गेला."

"अच्छा," मुलगा म्हणाला. "बरा आहे ना पण?"

"बरा आहे."

पुढच्या बंदरातून त्यानं एक पार्सल पाठवलं. त्यात चिंधूसाठी विकतची टोपी होती. काकूंनी ती उलटी करून पाहिली. शिवण आत होती आणि नुसती कापून सोडलेली होती. त्यांनी आधी मुलाच्या नावानं बोटं मोडली, मग टोपी पूर्ण उसवून पुन्हा शिवली आणि चिंधूला घातली.

चिंधू दीड वर्षाच्या मापाचा झाला, अडीचच्या मापाचा झाला. काकूंचं दुकान पहिल्यांदाच तान्ह्या बाळांच्या पुढे गेलं; आता त्या छोटे सदरे आणि खिशांच्या चड्ड्याही शिवत होत्या. मग गल्लीनं नवं काढलं. चिंधूबरोबरची मुलं बालवाडीत जायला लागली होती. प्लंबरची मुलगी जात होती, स्कूटरवाल्याचा नातू जात होता. चिंधू तेवढा दिवसभर खिडकीत.

"एकलकोंडा होईल," बेकरीवाली म्हणाली. "आत्ताच फार बोलत नाही."

या खेपेस काकांनी डोकं चालवलं. "नेऊन तर बघ," ते म्हणाले. "बालवाडीच्या बाई बाहेरच्या आहेत. त्यांना चष्मा माझ्याकडचा नाही. त्या बघताक्षणी म्हणतील, हे काय आणलंत. नाही म्हणतील, आपण परत येऊ, आणि गल्लीला सांगू, प्रवेश मिळाला नाही. सगळंच तिथल्या तिथे मिटेल."

काकूंना हे पटलं. सोमवारी त्यांनी चिंधूला निळा सदरा घातला, केस म्हणून लावलेली लोकर विंचरली आणि त्याला कडेवर घेऊन बालवाडी गाठली. वाटेत काय झालं कोण जाणे, त्यांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर दोनदा नीट केली.

बालवाडीच्या बाईंच्या टेबलाखाली एक मूल रडत होतं, टेबलावर एक उभं होतं आणि मागे कुणीतरी कुणाला तरी चावलं होतं. बाईंनी चिंधूकडे पाहिलं. त्याच्या पोटावर बोट दाबलं. बोट आत गेलं.

"हा कापडाचा आहे," बाई म्हणाल्या.

काकूंचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्यानं ते आपणहून म्हटलं होतं. "हो ना," त्या म्हणाल्या. "मी तेच सांगते सगळ्यांना. बरं, येते मी."

"थांबा," बाई म्हणाल्या. "शांत बसतो का?"

"बसतो. म्हणजे, बसवला तर."

"चावतो? ढकलतो? झोपायच्या वेळी झोपतो?"

"ठेवाल तिथं झोपतो."

बाईंनी टेबलावरच्या मुलाला एका हातानं खाली उतरवलं आणि दुसऱ्या हातानं चिंधूला घेतलं. "एक तरी असा असू दे मला," त्या म्हणाल्या. "बाराला न्यायला या. उशीर करू नका, बाकीचे त्याच्यावर चढतात."

काकू रिकाम्या हातानं घरी आल्या. काकांनी पडदा बाजूला केला, काकूंच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं आणि पडदा परत लावून घेतला. काकूंनी एक सदरा शिवायला घेतला. तो झाल्यावर घालून बघायला हात टोपलीकडे गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी सदरा स्वतःच्या मुठीवर चढवून पाहिला, पण मुठीवर चढवून काही कळतं का? अकरा वाजताच त्या बालवाडीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाकीच्या आया अजून यायच्या होत्या.

पंधरवडा असाच गेला. चिंधू जायचा, यायचा, सदऱ्याला चिखल लावून घ्यायचा. बाईंची तक्रार नव्हती. मग एका सकाळी काकू निघायच्या तयारीतच होत्या, तेवढ्यात प्लंबर दारात आला. एका हातानं त्यानं आपल्या मुलीला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात चिंधू होता. चिंधूचा उजवा हात खांद्यातून निसटून दोन धाग्यांवर लोंबकळत होता. रस्ताभर कापूस पडत आला होता, आणि त्या कापसाच्या मागोमाग बेकरीवाली, स्कूटरवाला आणि गल्लीतले आणखी चार-पाच जण आले होते.

"घसरगुंडीवर हिनं त्याला ओढलं," प्लंबर म्हणाला. त्याला तोंड वर करवत नव्हतं. "काकू, मला माफ करा. माझी पोरगी आडदांड आहे."

काका पडद्यामागून बाहेर आले. जमिनीवरचा कापूस आणि दारातली गर्दी बघून त्यांचा चेहरा उतरला. "झालं," ते काकूंच्या कानाशी म्हणाले. "आता दुकान बंद करायचं."

 काकूंनी चिंधूला टेबलावर घेतलं आणि सुईत दुहेरी दोरा ओवला. मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. तिची हनुवटी बरोबर टेबलाच्या कडेला येत होती. बेकरीवालीनं तोंडावर पदर धरला. तेवढ्यात महिन्याच्या फेरीवर आलेल्या नर्सबाई गर्दीतून वाट काढत आत शिरल्या.

"किती टाके लागतील?" त्यांनी विचारलं.

"आता तरी बघा," काकू म्हणाल्या.  त्यांनी खांद्यातून एक चिमूट काढून सगळ्यांसमोर धरली. "हा कापूस आहे. ही चिंधी, ही माझ्या जुन्या परकराची. पहिल्या दिवसापासून मी हेच सांगतेय, की हा कापडाचा आहे. आता तरी दिसतंय का?"

 लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"काकू," बेकरीवाली हळूच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तेव्हाच कळलं की आम्हाला. दर वेळी सांगत होतात. आम्ही कधी नाही म्हणालो?"

काकूंना आठवून बघावं लागलं. खरंच, कुणी नाही म्हटलं नव्हतं.

"मग हे सगळं? वजन, शाळा?"

"म्हणजे कापडाच्यानं वाढायचं नाही का?" नर्सबाईंनी विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"एक मिनिट," काका पुढे आले. "म्हणजे तुम्हाला तो कापडाचा आहे हे नजरेला दिसत होतं? स्पष्ट?"

"स्पष्ट," स्कूटरवाला म्हणाला. "शिवणीसुद्धा."

काका स्टुलावर बसले. त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या गडबडीत काकूंकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. सुई बोटांत तशीच धरून त्या उभ्या होत्या. इतके दिवस त्यांनी गल्लीची समजूत काढली होती, आणि गल्लीला तर कुठलीच गैरसमजूत नव्हती. मग पडदा ओढून दुपारी कापूस भरत होतं कोण, आणि अकरा वाजता फाटकाशी जाऊन उभं राहत होतं कोण?

"दुखलं का त्याला?" प्लंबरच्या मुलीनं विचारलं.

काकूंनी खाली पाहिलं. "कापडाचा आहे ना तो," त्या सवयीनं म्हणाल्या.

"ते माहितेय," मुलगी म्हणाली. "दुखलं का?"

काकूंनी चिंधूचा हात खांद्याला लावला, पहिला टाका घातला आणि दोरा ओढला, नेहमीपेक्षा बराच हळू.

"थोडं," त्या म्हणाल्या.

मुलीनं मान हलवली. मग पुढे सरकून तिनं चिंधूची दुसरी मूठ धरली आणि शिवण होईपर्यंत सोडली नाही.